गरोदर बाईचा बीपी किती, हे घरात कुणाला माहीत आहे?

गरोदर बाईबद्दल घरात किती गोष्टी माहीत असतात बघा. कितवा महिना लागला, सोनोग्राफी कधी झाली, बाळ आडवे आहे की उभे, तिला आंबट खावेसे वाटते की तिखट, हे सगळे सासूबाईंना तोंडपाठ असते. पण मागच्या वेळी दवाखान्यात तिचा बीपी किती आला, असे विचारले की घर गप्प होते. सासूबाई सुनेकडे बघतात, सून कार्ड शोधायला आत जाते. नवऱ्याला तर हा प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकते हेच नवीन असते. फार झाले तर उत्तर येते, "नॉर्मल आहे म्हणाल्या सिस्टर."

आमचे म्हणणे असे की "नॉर्मल" हे उत्तरच नाही. आकडा सांगा. १०० वर ६० की १३६ वर ८८? दोन्हीला दवाखान्याच्या घाईत नॉर्मल म्हटले जाते आणि दोन्हींत फार फरक आहे. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली, आता वस्त्यांत काम करतो. लेबर रूममध्ये झटके येत असलेली बाई स्ट्रेचरवरून आत आली की पहिला प्रश्न असायचा, "आधीचा बीपी किती होता?" सोबत आलेल्या चार माणसांपैकी एकालाही सांगता येत नसे. त्या चार माणसांत शिकलेली पोरेही असत. म्हणून हा लेख नुसता गरोदर बाईसाठी नाही, घरातल्या सगळ्यांसाठी आहे.

गरोदरपणाचे पाच महिने उलटल्यावर बीपी १४० वर ९० किंवा त्यापुढे गेला की तो वाढलेला धरतात. दोन्ही आकडे वाढायला हवेत असे नाही. वरचा १४० झाला किंवा खालचा ९० झाला, एक पुरे. चार तासांनी पुन्हा मोजून तो तसाच आला की उपचार सुरू करायचे. १६० वर ११० आला तर वाट पाहायचीच नाही, तो तातडीचा मामला, थोड्याच मिनिटांत पुन्हा मोजून बाईला त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे. वाढलेल्या बीपीसोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातल्या पेशी यांच्यावर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे झटके, म्हणजे एक्लॅम्पसिया. जगभर बाळंतपणातल्या मृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाच्या खालोखाल हा आजार येतो.

हा आजार कपटी आहे, कारण तो दुखत नाही. ताप आला तर अंग तापते, रक्त कमी असेल तर जिना चढताना दम लागतो. बीपी १५० झाला तरी बाई धुणे धुते, पाणी भरते, हसते, बोलते. "मला काहीच होत नाही" असे ती म्हणते, आणि ते तिच्यापुरते खरेच असते. म्हणून हा आजार तब्येत विचारून कळत नाही, हाताला पट्टा बांधूनच कळतो.

होते काय, तर दोष बहुतेक वेळा वारेत असतो. सुरुवातीच्या महिन्यांत वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या नीट रुंद झाल्या नाहीत तर पुढे बाळ मोठे होऊ लागल्यावर वारेला रक्त पुरत नाही. मग वारेतून असे काही पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, डोळे, सगळीकडे त्याचा ताण पडतो. बाळाची वाढ खुंटते. कधी वार आधीच सुटते आणि पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो. यात बाईचा काही गुन्हा नसतो. तिने चिडचिड केली, तिखट खाल्ले, ग्रहणात बाहेर गेली म्हणून हे होत नाही. तरीही वस्तीत पहिला ठपका तिच्यावरच येतो.

पहिलटकरीण, जुळी असलेली, आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलेली, आई किंवा बहिणीला हा त्रास झालेली, साखरेचा किंवा किडनीचा आजार असलेली, वजन जास्त असलेली, पस्तिशी ओलांडलेली, यांना धोका जास्त. आधीच्या वेळी झटके आले असतील किंवा बीपी वाढून बाळ गेले असेल, तर ते पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगायचे. अशा बाईला डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात आणि ती चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू झाली तरच खरा फायदा होतो. आठव्या महिन्यात सांगून ती संधी गेलेली असते. पण सासरी "माझे पहिले बाळ गेले" हे सांगायची चोरी असते आणि म्हणून दवाखान्यातही ते दडवले जाते. ही चोरी जिवावर बेतते.

आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. हा आजार शेवटच्या तीन महिन्यांत जास्त वाढतो आणि आपली सगळी व्यवस्था नेमकी त्याच तीन महिन्यांत सैल पडते. सरकारी हिशेबात गरोदरपणी कमीत कमी चार तपासण्या धरल्या आहेत: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आणि चौथी छत्तीस आठवड्यांनंतर. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत दोनच. कमीत कमी म्हणून सांगितलेला आकडा आपल्याकडे पुरेसा समजला जातो. रजिस्टरमध्ये चार रकाने भरले की तपासणी पूर्ण झाल्याची खूण होते. पण बीपी रकाने बघून वाढत नाही. तिसाव्या आठवड्यात १२० वर ८० असलेल्या बाईचा तेहतिसाव्यात १५० वर १०० झालेला आम्ही पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे आणि त्यांतल्या पाच तिसाव्या आठवड्यापासून पुढे आहेत. आमचे मत असे की सातवा लागला की दर पंधरवड्याला आणि नववा लागला की दर आठवड्याला बीपी मोजला गेलाच पाहिजे. त्यासाठी दर वेळी डॉक्टर लागत नाही. पट्टा, मशीन आणि आकडा वाचता येणारे माणूस एवढे पुरते.

त्यात भर म्हणजे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्यात डोहाळजेवण होते, ओटी भरतात, फोटो निघतात आणि पोर माहेरी जाते. रीतीला आमचा विरोध नाही. शेवटच्या महिन्यांत आईच्या हातचे दोन घास आणि थोडी जास्त झोप मिळते, ते चांगलेच आहे. पण जाताना काय होते ते बघा. मुंबईच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात तिचे नाव असते, तिथली आशाताई तिला ओळखते. ती मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या गावी गेली की इथल्या यादीत "माहेरी गेली" असा शेरा पडतो. तिथल्या यादीत तिचे नावच नसते. दोन्हीकडच्या सिस्टरांना वाटते की दुसरीकडे तपासणी चालू असेल. पोर एका यादीतून निघाली, दुसरीत पोचलीच नाही. मधल्या त्या दीड-दोन महिन्यांत बीपीला मोकळे रान मिळते.

अशी एक मुलगी आम्हाला आठवते. वय एकोणीस, पहिलटकरीण, सहाव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या वेळेवर झालेल्या. माहेरी गेली. आठव्यात पायावर सूज आली, मग तोंडावर आली. आई म्हणाली, पाणी उतरलंय, होतं असं, मलाही झालं होतं. बांगड्या काढता येईनात म्हणून फोडल्या. दोन दिवस डोके दुखत होते, त्याला बाम लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे झटके आले. गावापासून दवाखाना लांब, गाडी मिळेपर्यंत उजाडले. कार्ड सासरी ट्रंकेत होते, म्हणून आधीचा बीपी किती होता, हा आजार जुना की नवा, रक्तगट कोणता, काहीच कळायला मार्ग नव्हता. ती वाचली. बाळ चौदाशे ग्रॅमचे होते आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होते. मुलगी शुद्धीवर आल्यावर तिची आई आम्हाला म्हणाली, "ताई, कार्ड म्हंजी आम्हाला रेशनकार्डासारखं वाटायचं, पैसे मिळायच्या वेळी दाखवायचं." हे ऐकून आम्हाला त्या माउलीचा राग आला नाही. कार्ड कशासाठी असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

तर माहेरी पाठवताना साडीचोळीसोबत माता बाल संरक्षण कार्ड पिशवीत पहिले घाला. त्यातल्या बीपीच्या सगळ्या आकड्यांचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि बीपीच्या चालू गोळ्या निदान महिनाभराच्या सोबत द्या. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईला घरी बोलवा आणि उपकेंद्रात नाव घाला. इथल्या आशाताईलाही फोन करून "नाव घातलं" असे कळवा. वस्तीत राहणाऱ्या भाडेकरूलाही हे सगळे लागू आहे. खोली बदलली की दवाखाना बदलतो, हे लक्षात ठेवा.

मोजताना काही गोष्टी पाहायच्या असतात आणि त्या बाईने स्वतः मागाव्यात. ओपीडीच्या रांगेत दोन तास उभे राहून, धापा टाकत खुर्चीत बसल्या बसल्या बीपी मोजला तर तो खरा येत नाही. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. लघवी करून यावी. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून नाही. मोजताना बोलायचे नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. आणि मोजून झाल्यावर, "सिस्टर, किती आला?" हे विचारायचे. काही सिस्टर चिडतात, हे आम्हाला माहीत आहे. एका टेबलावर शंभर बायका असतात, आम्हीही त्या टेबलावर बसलो आहोत. तरीही विचारा. आकडा तुमच्या शरीराचा आहे, तो सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या सिस्टरला तो कार्डावर वाचता आला पाहिजे, म्हणून तो लिहूनही घ्या.

लघवीची तपासणी म्हणजे नुसती "पट्टी बुडवून टाकली" इतके सोपे काम. आम्ही शिकत होतो तेव्हा परीक्षानळीत लघवी तापवायचो. प्रथिने असली की अंड्याच्या पांढऱ्यासारखा गढूळपणा यायचा आणि तो पाहून आम्ही पोरी घाबरायचो. आता पट्टीचा रंग बदलतो, मिनिटभराचे काम. तरी ते अनेकदा होत नाही, कारण पट्ट्या संपलेल्या असतात किंवा संडासाला पाणी नसते. बायका लघवी द्यायला लाजतात आणि केंद्रात धड आडोसा नसतो. हा प्रश्न लाजेचा म्हणून सोडून देऊ नका, हा संडासाचा प्रश्न आहे आणि तो वॉर्ड ऑफिसात मांडायचा असतो.

आता लक्षणे. बाम लावून, झोपून उठूनही न थांबणारे डोके. डोळ्यांपुढे अंधारी, काजवे किंवा धुरकट दिसणे. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, जे घरोघर पित्त म्हणून सोड्यावर जाते. शेवटच्या महिन्यांत पुन्हा सुरू झालेली उलटी. तोंडावर आणि हातांवर अचानक आलेली सूज. लघवी कमी होणे. दम लागणे. बाळाची हालचाल कमी होणे. यांतले एक जरी असले तरी बीपी मोजल्याशिवाय ती रात्र काढायची नाही. पायावरची थोडी सूज पुष्कळ गरोदर बायकांना येते आणि ती पुष्कळदा निरुपद्रवी असते. उलट, सूज नाही म्हणून बीपी नाही, असेही समजू नका. सुजेवर विसंबून राहणे हीच आपल्याकडची मोठी फसगत आहे.

घरगुती उपायांबद्दल थोडे. बीपी वाढला की पहिले मीठ बंद करतात, मग ते अळणी जेवण पोरीला जात नाही आणि ती उपाशी राहते. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. रोजचे जेवण रोजच्यासारखे मीठ घालून द्या. पापड-लोणची आणि पाकिटातले खारे कमी केले तर चांगलेच. सूज आली म्हणून पाणी तोडणे तर साफ चुकीचे. बाळ लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाते म्हणून कमी खाऊ घालणाऱ्या आजीबाईंना हात जोडून सांगा की या आजारात बाळ आधीच कमी वजनाचे होते. डाळ, अंडे, मासे, मटण, जे परवडेल ते द्या.

कॅल्शियमच्या गोळीला मात्र आम्ही फार मान देतो. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी पडते अशा बायकांमध्ये ही गोळी घेतल्याने प्री-एक्लॅम्पसियाचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. आपल्या वस्त्यांत रोज पेलाभर दूध पिणारी गरोदर बाई किती घरांत सापडेल? सरकारी केंद्रात चौदा आठवड्यांपासून दिवसाला दोन गोळ्या मोफत मिळतात, बाळंतपणानंतरही सहा महिने. एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवणानंतर. लोहाच्या गोळीसोबत ती घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर लोह अंगी लागत नाही. मुतखडा होतो, बाळाचे डोके कडक होते, या ऐकीव गोष्टींवर गोळ्या कचऱ्यात टाकू नका. आम्ही गटारात लाल-पांढऱ्या गोळ्या तरंगताना पाहिल्या आहेत.

आता झटक्यांविषयी. झटका आला की बाईचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन आपटतात. हे पाहून घर हादरते आणि मग जे सुचते ते होते. कुणी चप्पल हुंगवते, कुणी कांदा फोडून नाकाला लावते, कुणी तोंडात चमचा घालते. एखादी म्हातारी म्हणते, बाहेरचं आहे, बोलवा त्याला. अंगारे-धुपारे आपण १९५६ साली सोडले. पण भीतीच्या रात्री ते मागच्या दाराने घरात येतात, हे कबूल करायला हवे. तिला डाव्या कुशीवर वळवा. आजूबाजूची भांडीकुंडी, स्टोव्ह बाजूला करा. तोंडात काहीही घालू नका, पाणीही नाही. घट्ट धरून ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि "गरोदर आहे, झटके येतायत" हे दोनच शब्द आधी सांगा.

या आजारावर एक जुने, स्वस्त आणि उत्तम औषध आहे, मॅग्नेशियम सल्फेट. लेबर रूममध्ये त्याला मॅगसल्फ म्हणतात. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की प्री-एक्लॅम्पसिया असलेल्या बाईला हे दिले तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर एकेक इंजेक्शन, एएनएम सिस्टरनेही द्यायचा आणि मगच पुढे पाठवायचे. इंजेक्शन देताना खूप दुखते, अंग गरम गरम होते, त्याने घाबरू नये. पण होते असे की लहान प्रसूतिगृहात बाईला हात लावायची भीती वाटते आणि "मोठ्या दवाखान्यात न्या" एवढी चिठ्ठी हातात पडते. गाडीत, ट्रॅफिकमध्ये, तिला दुसरा झटका येतो. म्हणून बीपी फार वाढलाय किंवा झटके आलेत म्हणून पुढे पाठवत असतील तर विचारा, "मॅगसल्फचा पहिला डोस दिला का? चिठ्ठीवर वेळ लिहिली का?" हा प्रश्न वस्तीतल्या दहा बायकांना पाठ असेल तर दवाखान्याला उत्तर द्यावेच लागते. आम्ही हे होताना पाहिले आहे.

आणखी एक भांडण आहे, ते सिझरचे. बीपीच्या गोळ्यांनी आकडा खाली येतो, पण आजार वारेत आहे आणि वार बाहेर पडल्याशिवाय तो जात नाही. म्हणून सदतीस आठवडे भरले की डॉक्टर सहसा बाळंतपण उरकायला सांगतात. आजार गंभीर असेल तर त्याच्याही आधी, आणि तेव्हा बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देतात. नातेवाईक म्हणतात, दिवस भरले नाहीत, पैशांसाठी घाई करतायत. पैशांसाठी सिझर करणारे आहेत, आम्ही त्यांची वकिली करत नाही. पण उरकणे म्हणजे सिझरच असे नाही, औषधाने कळा आणून साधे बाळंतपणही होते. घरी घेऊन जाण्याआधी बीपी किती, लघवीत प्रथिने किती, रक्ताचा रिपोर्ट काय, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर ऐका. मिळत नसतील तर दुसऱ्या दवाखान्यात न्या, पण घरी नेऊ नका.

बाळ झाले, पेढे वाटले, की सगळे समजतात सुटली. या समजुतीने आपल्याकडच्या बायका जातात. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत बीपी पुन्हा चढतो आणि झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते, बंद खोलीत, शेकशेगडीपाशी. तिचे डोके दुखले तर जागरणाने, डोळ्यांपुढे अंधारी आली तर अशक्तपणाने, झटका आला तर बाळंतवात. आमच्या ओळखीच्या एका घरात आज शाळेत जाणारे पोर आहे, त्याची आई त्याच्या सहाव्या दिवशी गेली. बाळंतपणाआधी तिचा बीपी वाढलेला होता. घरी आल्यावर "दुधात उतरतील" म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या. बाळंतिणीला डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्या अंगावर पाजताना चालतात हे पाहूनच देतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका. बाळाच्या भेटीला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळाचे वजन होते, ताप पाहतात. त्याच भेटीत आईच्या दंडाला पट्टा का बांधला जाऊ नये? ही आमची ठाम मागणी आहे. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची तर नक्कीच.

एकदा हा आजार झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपीचा आणि हृदयाचा आजार होण्याचा धोका जास्त असतो. तिने दर वर्षी बीपी मोजावा, चाळिशीची वाट न पाहता.

हे सगळे वाचून एखादी म्हणेल, ताई, दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जायचे तर चार घरची धुणीभांडी कोण करणार, खाडा पडला की मॅडम पैसे कापतात. हा प्रश्न खरा आहे आणि याचे उत्तर त्या बाईने एकटीने द्यायचे नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. ते विधेयक गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी होते. आज धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी बाई त्या रजेच्या बाहेरच आहे. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. राज्य चांगले काम करते याचा आनंद आहे. पण सरासरीच्या आकड्यात वस्ती दिसत नाही आणि नाक्यावरची बाई तर मुळीच दिसत नाही.

जे हक्काचे आहे ते तरी पुरते घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळे मोफत आहे आणि त्यासाठी जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा, तक्रारीला लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, धोका असेल तर कार्डावर लाल स्टिकर लागते. लाल स्टिकर लागले म्हणून काही घरांत ते खरवडून काढतात. ते कलंक नाही, त्यामुळे मोठ्या दवाखान्यात तुमची रांग पुढे येते. जननी सुरक्षा योजनेचे पैसे घेताना दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही केंद्राच्या योजनांत अनुसूचित जातीत धरले जाते, तेव्हा कुणी "बौद्ध लिहिलंय, चालणार नाही" म्हणाले तर वाद घाला. पण दाखल्यासाठी तपासणी थांबवू नका. नवरा बांधकामावर असेल तर कामगार मंडळाची नोंदणी आधीच करून ठेवा, प्रसूतीसाठी तिथूनही मदत मिळते.

राहिले मशीन. दंडाला बांधायचे डिजिटल बीपी मशीन दोन हजारांच्या आसपास येते. जयंतीच्या डीजेपुढे ही रक्कम काहीच नाही. ते विहारात ठेवा, मनगटाचे नको, दंडाचेच घ्या आणि मोठा पट्टा वेगळा मागून घ्या. रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांचा बीपी मोजायचा आणि वहीत नाव, महिना, आकडा लिहायचा. मोजायला बारावी झालेल्या दोन मुली शिकवा, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातली सिस्टर तासाभरात शिकवील. सहा महिन्यांनी मशीन केंद्रातल्या मशीनशी पडताळून घ्यावे. सेल संपले की कोण आणणार आणि १४० आला त्या बाईसोबत दवाखान्यात कोण जाणार, ही दोन नावे वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा.